छडी गेली म्हणून मुलं बिघडली, हे काही पटत नाही

मा. संपादक,
स. न.

गेले काही दिवस तुमच्या वाचकपत्रांच्या पानावर शाळेतल्या शिस्तीवरून जे चाललंय ते रोज वाचतोय. एकाने लिहिलं छडी परत आणा, दुसऱ्याने लिहिलं मोबाईल बंद करा, आणि एका पालकांनी तर सगळा दोष मास्तरांच्या पगारावरच टाकला (पगाराचा आणि पोरांच्या दंग्याचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही, पण असो). मी जळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात गणित-विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस आहे. मला एवढंच म्हणायचंय की पोरांचं शाळेतलं वागणं हे पोरं घरून दप्तरात घालून आणत नाहीत हो. बरंचसं वागणं शाळेच्या आतच तयार होतं, शाळा कशी चालते आणि मास्तर वर्ग कसा धरतो यावर ते ठरतं, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

कुठल्याही हायस्कूलच्या व्हरांड्यात मधली सुट्टी संपल्यावर जाऊन उभं राहा. नववी ड चा वर्ग घ्या. पाचव्या तासाला वर्ग शांत, पोरं लिहितायत, मधेच कोणीतरी हसतंय, बाईपण हसतायत. बेल होते, बाई जातात, सहाव्या तासाचे सर येतात आणि त्याच खोलीत त्याच पोरांचा बाजार होतो, मागच्या बाकावरून खडू उडतो, कोणी मांजराचा आवाज काढतं, सर टेबल बडवतायत. आता मला सांगा, या पाच मिनिटांत पोरांचे आईबाप बदलले का? मोबाईल बदलला का? संस्कार पाचव्या तासाला होते आणि सहाव्याला गायब झाले असं झालं का? बदललं फक्त एक माणूस आणि त्याची वर्ग चालवायची पद्धत. पण स्टाफरूममध्ये चर्चा काय, तर "ड तुकडी ना, ती पोरंच तसली आहेत, तिकडे शिकवायला जायचंच नाही, नुसती हजेरी घ्यायची आणि बसायचं."

आमच्याकडे एक हिंदीच्या बाई होत्या. आवाज इतका बारीक की शेवटच्या बाकापर्यंत धड पोचायचा नाही, उंची पाच फूट असेल नसेल, आणि छडी तर त्यांनी कधी हातात धरलेली कोणी पाहिली नाही. एकदा त्यांच्या तासाला मागून शिट्टी वाजली. बाईंनी "कोण आहे रे तो" असं विचारलंच नाही. धडा वाचत वाचत त्या त्या मुलाच्या बाकापाशी गेल्या, त्याच्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या पुढचा परिच्छेद तू वाच. त्याने वाचला. तास संपल्यावर त्याला दारात थांबवून घेतलं, काय बोलल्या ते त्या दोघांनाच माहीत, बाकी वर्गाला तमाशा बघायला मिळालाच नाही. तोच मुलगा, तीच शिट्टी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका सरांच्या तासाला. सर म्हणाले ज्याने वाजवली त्याने उभं राहा, कोणी उभं राहिलं नाही, मग म्हणाले शेजारच्याने नाव सांगा, कोणी सांगितलं नाही, मग अख्खा वर्ग तास संपेपर्यंत उभा. शिकवणं शून्य. ज्या चाळीस-पन्नास पोरांनी काहीच केलं नव्हतं ती सगळी एका मिनिटात शिट्टीवाल्याच्या बाजूला गेली आणि तो मधल्या सुट्टीत हिरो झाला, "सरांना कसं फिरवलं भो" म्हणून. सरांना वाटलं आपण कडक आहोत. वर्गाला कळलं की या माणसाला एका शिट्टीत तासभर बंद पाडता येतं.

हे काही मी एकटाच सांगतोय असं नाही, यावर जगात भरपूर काम झालंय आणि तेही जुनं. अमेरिकेत जेकब कौनिन नावाचा प्राध्यापक होता. एकदा त्याच्याच तासाला एक विद्यार्थी पेपर उघडून वाचत बसला (तुमचे वाचक सगळीकडे आहेत बघा संपादकसाहेब), कौनिनने त्याला झापलं आणि त्याच्या लक्षात आलं की ज्यांना झापलं नाही तेपण एकदम सरळ बसले, कुजबुज थांबली, नजरा खाली. गंमत म्हणजे विषय होता मानसिक आरोग्य! त्यावरून त्याने पुढे बरीच वर्षं शाळांच्या वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० साली तो छापला. त्याला शोधायचं होतं की चांगला मास्तर दंगा झाल्यावर असं काय वेगळं करतो. आणि सापडलं काय, तर दंगा झाल्यावर चांगले आणि वाईट मास्तर जवळपास सारखंच करतात, रागावणं तेच, दटावणं तेच, त्याने काही फरक पडत नाही. फरक आहे तो दंगा व्हायच्या आधी. चांगल्या मास्तरला वर्गात कुठे काय शिजतंय ते आधीच कळतं आणि पोरांनाही माहीत असतं की याला कळतं. तो एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रिकामा सोडत नाही. सगळ्यात मोठं म्हणजे तो बरोबर त्याच मुलाला पकडतो ज्याने सुरू केलं, शेजारच्या गरिबाला नाही.

आता हे आपल्या वर्गांना लावून बघा. आपल्याकडे दंगा नेमका कधी होतो? सर दहा मिनिटं वर्गाकडे पाठ करून फळा भरतात तेव्हा. वह्या तपासायला टेबलाशी रांग लागते आणि पहिल्या दहा जणांच्या वह्या होईपर्यंत बाकीच्यांना कामच नसतं तेव्हा. सर उशिरा येतात तेव्हा, ऑफ तासाला "आपापलं वाचत बसा" सांगून दुसऱ्याच वर्गाच्या सरांना दोन वर्ग सांभाळायला लावतात तेव्हा. रिकामं डोकं आणि सत्तर पोरं एका खोलीत, मग काय होणार? पण आपण बघतो ते फक्त शेवटचं दृश्य, पोरगं उभं आहे आणि सर ओरडतायत.

छडीवाल्यांसाठी अजून एक गोष्ट, तीपण जुनीच, १९३९ सालची. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट अशा तिघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे गट केले, शाळा सुटल्यावर मुखवटे बनवायचे वगैरे काम. एका प्रकारच्या गटात मोठा माणूस हुकूम सोडणारा, काय करायचं, कोणी कोणाबरोबर बसायचं सगळं तोच ठरवणार, पुढची पायरी पण सांगायची नाही. दुसऱ्यात तो मुलांशी बोलून ठरवणार पण स्वतः कामात असणार. तिसऱ्यात तो नुसता हजर, करा काय करायचं ते. हुकमी गटात काही पोरं एकदम भांडखोर झाली, आपल्यातल्याच एखाद्याला धरून त्याच्यावर राग काढायला लागली, तर काही गट अगदी मुके, मान खाली घालून काम. आणि मोठा माणूस मुद्दाम खोलीबाहेर गेला की हुकमी गटातलं काम धडाधड बंद पडायचं, तर बोलून ठरवणाऱ्या गटातली पोरं जवळपास तशीच काम करत राहायची. तिसऱ्या, मोकाट गटात तर काम असंही कमीच झालं, म्हणजे "मुलांना मोकळं सोडा, आपोआप शिकतील" म्हणणाऱ्यांनीपण उड्या मारायची गरज नाही.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मुक्या गटाचं. कारण आपल्याकडे शाळा तपासणीला येणारे साहेब, संस्थाचालक आणि पालक हे सगळे त्याच मुक्या गटाला "शिस्त" म्हणतात. अमुक शाळेत पिन पडली तरी ऐकू येते म्हणे! अहो पण सर बाहेर गेल्यावर काय होतं ते कोणी बघितलंय? त्याच शाळेतली पोरं एसटीच्या पासाच्या रांगेत, गॅदरिंगला, क्लासच्या बाहेर कशी वागतात ते विचारा की.

आणि आपल्याला आयोवाला जायची पण गरज नाही. आमच्या जिल्ह्यातच, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं आणि तिथे त्यांनी काय केलं हे फारसं कोणी सांगत नाही. पोरांच्या खोल्या म्हणजे कशा असतात, अंथरुणं लोळतायत, कपडे पडलेत, कंदिलाच्या काचा काळ्या. गुरुजींनी नियमांचा कागद लावला नाही की दंड ठेवला नाही. पोरं शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडायचे, अंथरुणाच्या घड्या घालायचे, कपडे नीट ठेवायचे, कंदील पुसून ठेवायचे. पोरांना आधी कळेना कोण करतंय, कळल्यावर लाज वाटली आणि हळूहळू पोरं स्वतःच करायला लागली. त्यांच्यासाठी ते हाताने लिहून रोजचं एक छात्रालय दैनिक काढायचे, त्यात पोरांच्या बारीकसारीक गोष्टी, देशातल्या गोष्टी, सगळं. म्हणजे बघा, शिस्त होतीच, काटेकोर होती, पण ती आधी मोठ्या माणसाच्या अंगात दिसली आणि मग पोरांत आली. आणि रोज लिहिणारा माणूस म्हणजे रोज बघणारा माणूस, कोण गप्प आहे, कोणाच्या घरून पत्र आलं नाही, सगळं त्याला ठाऊक. कौनिन जे कॅमेरा लावून शोधत होता ते इथे कंदिलाच्या उजेडात चालू होतं.

आता लगेच कोणी म्हणेल सगळे मास्तर साने गुरुजी कसे होणार. मान्यच आहे, होणार नाहीत आणि व्हायची अपेक्षापण नाही. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला (म्हणजे नव्याने लागलेल्या, मानधनावरच्या मास्तरला) २०२३ च्या आधी महिन्याला ८,००० मिळायचे, आता १८,००० मिळतात, त्यात त्याला कंदील पुसायला सांगायची माझी हिंमत नाही. वर्षानुवर्षं भरती नाही, तासिका तत्त्वावरचे (तासाप्रमाणे पैसे मिळणारे) तरुण शिक्षक दोन दोन शाळांत पळतायत, त्यांना पोरांची नावं पाठ व्हायच्या आत वर्ष संपतं. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय आणि शहरातल्या नावाजलेल्या शाळेत एका वर्गात ६५-७० पोरं कोंबलेली. त्याच कायद्यात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून मास्तरांना दुसऱ्या कामाला लावायचं नाही, पण ऑनलाईन माहिती भरता भरता मास्तर वर्गात असतो कधी? वर्ग मोकळा राहतो आणि मग नाव पोरांचं.

कायद्यावरून आठवलं. छडीवाल्या मंडळींना वाटतं की सरकारने उगाच मधे पडून मास्तरांचे हात बांधले. २००९ चा तो कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याचं कलम १७ म्हणतं की मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक त्रासही नाही. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा कोणी वाचलेलाच दिसत नाही. हातावर मारणं कमी झालं हे खरंय, पण त्याच्या जागी काय आलं, तर "तुझ्या बापाला घेऊन ये", "दाखला देऊन टाकीन", वर्गासमोर जातीवरून नाहीतर बापाच्या धंद्यावरून टोमणा, फी राहिली म्हणून परिपाठाला नाव पुकारणं. आणि मारही गेलेला नाहीच पूर्ण. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतल्या मुलीला शाळेत यायला उशीर झाला म्हणून उठाबशा काढायला लावल्या आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला, सगळ्याच पेपरांत आलं होतं. उशीर झाला होता हो, खून केला नव्हता. तरी लोक म्हणतात शिक्षा कमी पडतेय.

माझी सरकारवर तक्रार वेगळीच आहे. काय करायचं नाही ते सांगितलं, पण त्याऐवजी काय करायचं ते शिकवलं कोणी? बीएडला "वर्ग व्यवस्थापन" नावाचा टॉपिक असतो, पाच मार्काची टीप लिहून पास होता येतं. सत्तर पोरांचा वर्ग पहिल्या आठवड्यात कसा बसवायचा, शिट्टी वाजली तर काय करायचं, अंगावर धावून आलेल्या दहावीतल्या मुलाशी कोणत्या आवाजात बोलायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात मी ऐकलं नाही. प्रशिक्षणात काय ऐकतो, तर पीपीटी आणि नंतर चहा. हिंदीच्या बाईंकडे आम्ही सगळ्यांनी जाऊन चार तास मागे बसून बघायला पाहिजे होतं, पण एका मास्तरने दुसऱ्याच्या तासाला बसायचं ही पद्धतच आपल्याकडे नाही, लगेच अपमान वाटतो.

आणि एकट्या बाईंनी तरी किती करायचं. लंडनच्या आतल्या भागातल्या १२ माध्यमिक शाळांचा मायकेल रटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, १९७९ साली तो प्रसिद्ध झाला. मुलं शाळेत येण्याआधी कशी होती हे धरूनसुद्धा शाळाशाळांत मुलांच्या वागण्यात, हजेरीत आणि निकालात मोठा फरक निघाला. इमारत जुनी की नवी, जागा किती, यावर तो फरक अवलंबून नव्हता. तास वेळेवर सुरू होतो का, मुलांचं काम भिंतीवर लावतात का, केलेल्या कामाची दखल घेतात का, मुलांना जबाबदाऱ्या मिळतात का, आणि मुख्य म्हणजे सगळे शिक्षक एकाच पद्धतीने वागतात का, अशा गोष्टींवर होता. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार लागू आहे. एका सरांकडे बूट नसले तर वर्गाबाहेर, दुसऱ्यांकडे काहीच नाही. एक बाई गृहपाठ तपासतात, दुसऱ्यांनी दिवाळीपासून वही बघितलेली नाही. हेडमास्तर एका मुलाला ताकीद देतात आणि तेवढ्यात संस्थेच्या सभासदाचा फोन आला की ताकीदच मागे घेतात, तेही त्या मुलाच्या समोर. पोरं आंधळी नसतात. तीन महिन्यांत त्यांना कळतं इथे नियम कोणासाठी आहेत.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची भयंकर घटना ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, त्यानंतर सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. सुरक्षेसाठी कॅमेरे पाहिजेतच, त्यावर दुमत नाही. पण काही शाळांत आता हेडमास्तर केबिनमध्ये बसून स्क्रीनवर वर्ग बघतात आणि माईकवरून ओरडतात, "नववी ब, शेवटचा बाक!" व्हरांड्यातून एक चक्कर मारणं बंद झालं. याला शिस्त म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

अजून एक छोटीशी पण मला फार आवडलेली गोष्ट. कॅलिफोर्नियात पाच शाळांतल्या ३१ गणिताच्या शिक्षकांवर एक प्रयोग झाला, २०१६ साली छापून आला. काहींना ऑनलाईन थोडंसं वाचायला-लिहायला दिलं, की मुलं असं का वागतात, त्यांच्या बाजूने बघितलं तर काय दिसतं, शिक्षकाने आदर ठेवून बोललं तर मुलाला कसं वाटतं. बस एवढंच. ना नवीन इमारत, ना मुलांचं समुपदेशन. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांमध्ये वर्षभरात शाळेतून तात्पुरतं काढून टाकण्याची शिक्षा झालेल्यांचं प्रमाण ४.८ टक्के, आणि ज्यांच्या शिक्षकांना हे दिलं नव्हतं त्यांच्यात ९.६ टक्के. निम्मं! मुलांना कोणी हातही लावला नव्हता, बदल केला तो मास्तरांच्या डोक्यात.

आता शेवटचा विषय, आणि खरं सांगायचं तर याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. तुकड्या. आठवीतून नववीत जाताना मार्कांवरून तुकड्या पाडतात, हुशार सगळी अ मध्ये आणि राहिलेली ड मध्ये. कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं पण गावातल्या रिक्षावाल्यालापण माहीत असतं. मग अ ला जुने अनुभवी शिक्षक, दहावीचा निकाल लागायचा असतो ना. आणि ड ला कोण, तर यंदाच लागलेला तासिकेवरचा पोरगा, ज्याला अजून वर्ग कसा धरायचा ते माहीत नाही. खोली शेवटची, संडासाशेजारची, पंखा बंद. परिपाठाला ड मधल्या कोणाला कधी बोलवत नाहीत, मॉनिटर तिथला कधी शाळेचा प्रतिनिधी होत नाही. वर्षभर त्या पोरांना सगळी शाळा सांगते की तुम्ही मवाली आहात, आणि जानेवारीत एकाने बाक मोडला की आपण सगळे म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं? शेणाच्या गवऱ्यांच्या ढिगात निखारा टाकायचा आणि धूर झाला की गवऱ्यांना शिव्या द्यायच्या, असला प्रकार आहे हा.

ज्या शाळा तुकड्या मिसळून करतात तिथे दंगा होत नाही असं मी म्हणत नाही, होतो, पण तो एका खोलीत साठत नाही. आणि अनुभवी शिक्षक ड कडे दिले तर काय होतं ते हिंदीच्या बाईंच्या तासाला सगळ्या शाळेने बघितलंय, फक्त कोणी त्याची नोंद केली नाही.

तुमच्या पेपरला एक विनंती. दहावीचा निकाल लागला की तुम्ही पानभर पंच्याण्णव टक्केवाल्यांचे फोटो छापता, छापा, पोरांनी मेहनत केलेली असते. पण त्याच सुमारास नववीच्या तुकड्या पडत असतात, तर तुमच्या तालुका प्रतिनिधीला शहरातल्या चार-पाच शाळांत पाठवा आणि एवढंच विचारायला सांगा की ड तुकडीचे वर्गशिक्षक कोण आहेत, ते कधी लागले, आणि संचालक मंडळाची, नगरसेवकांची आणि शिक्षकांची स्वतःची मुलं त्या तुकडीत किती आहेत. उत्तर मिळालं तर जरूर छापा.

आपला,
एक निवृत्त हायस्कूल शिक्षक,
जिल्हा जळगाव